बटण दिसू नये म्हणे!

विश्रामबागेतल्या दादाच्या नव्या बंगल्यात भिंतीवर एक बटण दिसेल तर शपथ! सगळं लपवलंय, 'लूक' बिघडतो ना. आत्या रात्री पाण्याला उठली की भिंत चाचपत फिरते. बाथरूममधला सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. माणूस निवांत बसला की दिवा गुल. मग आतून आरती ओवाळल्यासारखे हात हलवा! वळवाच्या पावसात लाईट जाऊन आली, की वायफायचा राऊटर चालू होईपर्यंत दिवे लावायचं फोनवरचं ॲप मुकं, आणि मध्यरात्री बेडरूममधले स्मार्ट बल्ब आपोआप लख्ख. राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायचं कुणाला सुचलं नाही, छताला रंग बदलणारी पट्टी मात्र हवी. अरे, निदान जिन्यापाशी तरी साधं बटण ठेवा की! तर दादा म्हणतो, "फोनवरनं लावायचं." आत्याचा फोन बटणांचा आहे रे बाबा!