येझदीची जुनी टाकी आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार,

बाबांच्या येझदी मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीतला गंज घरी कसा साफ केला, त्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत. घरात ॲसिडशी खेळायला लोकांना शिकवू नका, आणि बाजारात नवी टाकी मिळत असताना गंजका पत्रा कुरवाळत बसण्यात काय अर्थ?

ॲसिड म्हणजे तुम्ही संडास धुवायचं धरलंत. त्याला मी हात लावत नाही. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. मी वापरलं ते लिंबूसत्त्व, लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम, एक रात्र. पण चूक माझ्याकडूनही झालीच: नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच वाळवायचं, हे लिहायचं राहिलं होतं. तसं केलं नाही तर बघता बघता आत पुन्हा तांबूस थर धरतो. लेखात आता घातलंय.

नव्या टाकीचं म्हणाल, तर तीही आणून पाहिली. टाकी सांगाड्याला बसवायचं मागचं भोक बोटभर पुढे, आणि अंगठ्याने दाबलं तर पत्रा दबतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2018 ला त्याच घराण्यातली नवी जावा आली, पण ती फोर स्ट्रोक, म्हणजे वेगळ्याच इंजिनाची; तिची टाकी या सांगाड्यावर बसत नाही. मग हातात असलेला जाड, मूळचा पत्रा मी भंगारात का घालू?

‘गळणारच’ असंही तुम्ही लिहिलंय. म्हणूनच साफ केल्यावर टाकी पूर्ण वाळवली, खालच्या शिवणीवर बाहेरून पांढरा खडू घासला आणि आत थोडं डिझेल घालून तासभर ठेवली. एका जागी खडूवर तिळाएवढा काळपट ठिपका उमटला. तेवढ्याच जागी डाख दिला (सोल्डर केलं), तोही कारागिराकडून. हे काम घरी अजिबात करू नये. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि ती भडकते. यात तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे.

आणखी एक सांगतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन ऑइल) फिरवून ठेवा. नाहीतर केलेली सगळी मेहनत एका पावसाळ्यात वाया जाते.

काल टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडून त्यातली जाळी पाहिली. गंजाची एकही खपली नव्हती.