अर्ध्यात गाडी, अर्ध्यात आई

'आई-वडिलांसाठी गॅरेजची खोली करा, फक्त आठ दिवसांत!' हा मेसेज मला याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ताई, आईला आता जिना चढवत नाही. हे करून टाकतो." सोबत वहीच्या पानावर पेनने काढलेला नकाशा होता. मधोमध एक रेघ, रेघेच्या अलीकडे 'गाडी', पलीकडे 'आईचा पलंग'.

ती रेघ पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे. म्हणून मेसेजमधला चौथा मुद्दा आधी घेते. "गाडी बाहेर काढायची गरज नाही. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाका. खिडकी नको, एक्झॉस्ट फॅन पुरे."

हे लिहिणाऱ्याने कार्बन मोनॉक्साइडचं नाव तरी ऐकलंय का? गाडी सुरू केली की तो धुराबरोबर बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. आई सकाळी "डोकं जड झालंय" म्हणाली, तर आपण बीपीची गोळी घेतली का, एवढंच विचारणार.

आणि पार्टिशन काय अडवणार? 2013 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग आला होता. भिंतींना लावतात त्या जिप्सम बोर्डमधून हा वायू चक्क आरपार जातो, असं त्यात दिसलं. इथे तर छतापाशी बोटभर फट राहणारं प्लायवूड आहे. त्यात एक्झॉस्ट फॅन. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत ओढली जातेच. खिडकी नसलेल्या खोलीत ती पार्टिशनच्या फटींतून, म्हणजे गाडीच्या बाजूनेच येणार. "गाडी सुरू करताना शटर उघडतोच की," असं भाऊ म्हणाला. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये शटर उघडं ठेवूनसुद्धा गाडी चालू ठेवू नका, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था स्पष्ट सांगते. पेट्रोलची वाफ वेगळीच. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि मेसेजवाले पलंगाशेजारी हीटर ठेवायला सांगतात!

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ज्यावर बेतलेत, त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये याचं उत्तर एका ओळीत आहे: गॅरेजमधून झोपायच्या खोलीत थेट उघडणारं दार चालणार नाही. तुमच्याकडचा नियम वेगळ्या शब्दांत असेल, धूर मात्र सगळीकडे सारखाच.

खिडकीचंही तेच. हवा पंख्याने खेळवता येते हे मान्य, तो कोडही योग्य यंत्रणा असेल तर तशी सूट देतो. पण झोपायच्या खोलीची खिडकी फक्त हवेसाठी नसते. आग लागली आणि घराकडच्या दारात धूर भरला, तर बाहेर पडायला दुसरी वाट लागते. म्हणून तिथे मापं दिली आहेत. तळमजल्यावर उघडी जागा किमान 5 चौरस फूट, उंची 24 इंच, रुंदी 20 इंच, खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून 44 इंचांच्या आत, आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी. मेसेज म्हणतो, शटर आहेच की! मागे एकदा वीज गेलेली असताना आईने ते शटर हाताने उचलायचा प्रयत्न केला होता. वीतभर वर गेलं आणि थांबलं. तिचं वय 76.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. जिना नको, हा मुद्दा खरा आहे आणि भाऊ त्यालाच भुलला. तळमजल्यावरची, घराला लागून असलेली खोली म्हाताऱ्या माणसाला खरंच सोयीची. पण गॅरेज घरापेक्षा बहुधा पायरीभर खाली असतं, आणि पाणी वाहून जावं म्हणून त्याच्या जमिनीला मुद्दाम उतार दिलेला असतो. रात्री बाथरूमला जाताना तोच उतार आणि तीच पायरी. आधी जमीन समपातळीत करा, मग सोय म्हणा.

"काँक्रीटवर सरळ कार्पेट टाका" याबद्दल फार बोलत नाही. भावाला एवढंच सांगितलं की दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटव आणि किमान 16 तास हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. प्लास्टिकच्या खालून पाण्याचे थेंब, आणि खालचं काँक्रीट काळपट ओलं. त्यावर कार्पेट घातलं असतं तर महिन्याभरात बुरशी.

"बाहेरून काही बांधत नाही, मग परवानगी कशाला" हेही चूक. गाडीच्या जागेत माणूस राहायला आला की वापर बदलतो, आणि बहुतेक ठिकाणी परवानगी लागते ती त्यासाठीच. न विचारता केलंत तर उद्या विम्याचा दावा अडकू शकतो. घराची किंमत वाढते म्हणे. कागदोपत्री गॅरेजच असलेल्या खोलीचे पैसे कोण देणार?

खोली होणार आहे. गाडी कायमची बाहेर, शटरच्या जागी पक्की भिंत आणि खिडकी, जमिनीखाली ओल अडवणारा थर, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आठ दिवसांत यातलं काहीच होणार नाही, तोवर आई हॉलमध्ये झोपेल. खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे, एवढीच तिची अट आहे.