दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: गाडीतला वास परत का आला

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण म्हटलं आधी तुमच्या गाडीचं जॉब कार्ड आणि आम्ही काढलेले फोटो परत बघूया, मग लिहूया. तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरच्या मागची काच रात्रभर अर्धी उघडी राहिली, आत पाणी गेलं, आमच्याकडे आणलीत तर एका दिवसात देतो म्हणून तीन दिवस लावले, शॅम्पू मारून उन्हात ठेवली असती तरी झालं असतं पण उगाच सगळ्या सीटा काढून ठेवल्या, 3800 रुपये घेतले आणि पंधरा दिवसांत कुबट वास परत, सकाळी काचा आतून धुरकट. वास परत आला हे खरंय आणि ती चूक माझी आहे, कुठे झाली ते लिहितो. पण सीटा उगाच काढल्या हे मला मान्य नाही, आणि ते का हे पण सविस्तर लिहितो, कारण हे वाचून उद्या दुसरा कोणीतरी भिजलेली गाडी नुसती वरून पुसून बंद करेल आणि खालचा पत्रा गंजायला लागला की मग आणेल.

एका दिवसाचं म्हणाल तर ते आमच्या मुलाने फोनवर सांगितलं, त्याला वाटलं साधं इंटिरियर क्लीनिंग आहे. पाणी गेलंय हे कळल्यावर मी स्वतः फोन करून दिवस वाढतील असं सांगायला हवं होतं, ते केलं नाही. त्याबद्दल सॉरी, मनापासून.

आता उन्हाचं. ऑगस्टात वाळपईकडे ऊन पडतं किती ते तुम्हाला मी काय सांगणार, आपल्या गोव्यात वर्षाला जवळजवळ 120 इंच पाऊस आणि तुमच्या सत्तरी तालुक्यात त्याहून जास्तच. पडवीत टाकलेली जीन्स चार दिवस वाळत नाही तशी गाडीही वाळत नाही, आणि त्याला कारण आहे. 30 डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, त्यातली 85-90 टक्के जागा पावसाळ्यात आधीच भरलेली असते, म्हणजे तुमच्यासारख्या हॅचबॅकच्या आतली साधारण तीन घनमीटर हवा काचा उघडून पूर्ण बदलली तरी फार तर दोन-तीन चहाचे चमचे पाणी बाहेर जाणार. तुमच्या गाडीतून आम्ही पहिल्याच दिवशी वेट व्हॅक्युमने सात लिटर खेचलं, आणि ते नुसतं खेचता आलं तेवढं. म्हणून काचा उघड्या ठेवून, पंखा लावून मे महिन्यात काम होतं, ऑगस्टात होत नाही. हवेतलंच पाणी आधी काढावं लागतं, त्यासाठी गाडी बंद करून आत डीह्युमिडिफायर लावतो, पहिल्या रात्री त्याची टाकी दोनदा भरली. दुसऱ्या रात्री लाईट गेली ती पहाटे आली, तो सगळा वेळ फुकट गेला, हे पण तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आता सीटा का काढल्या. वरचं कार्पेट ओलं दिसतं पण ते काही मोठं दुखणं नाही, ते पातळ असतं, एक-दोन दिवसांत हाताला कोरडं लागतं आणि माणूस समजतो झालं. खरं पाणी त्याच्या खाली असतं. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये जाड नमदा असतो, आवाज कमी यावा म्हणून घातलेला, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि त्याला हवा कुठूनच लागत नाही. तुमच्या गाडीत तर त्याच्यावर काळं फ्लोअर लॅमिनेशन चिकटवलंय, शोरूममधून गाडी घेताना सगळेच करून घेतात, धूळ साफ करायला बरं पडतं, पण एकदा का पाणी त्याच्या खाली शिरलं की वरून झाकण घातल्यासारखं होतं, महिनाभर बाहेर येत नाही. सीट पत्र्याला बोल्टने धरलेली असते, ती काढल्याशिवाय कार्पेट उचलता येत नाही. डावीकडचं कार्पेट उचलून मी नमद्याचा कोपरा मुठीत दाबला तर कोऱ्या चहासारखं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि वास तोच, जो तुम्हाला आता येतोय. अशी ओल एक-दोन दिवस राहिली की बुरशी धरायला लागते, तुमच्या गाडीत पाणी जाऊन चार दिवस झाले होते.

वेळ लागतो त्याचं अजून एक कारण, पुढच्या सीटखालून वायरी जातात, त्यात पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. बॅटरीचा मायनस काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय आम्ही त्यांना हात लावत नाही आणि कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन ऑन करत नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागून बसतो. ते कनेक्टर पाण्यात बुडालेत का, आतल्या पिनांवर हिरवट काही आलंय का हे बघायचं असतं. तुमचे ठीक होते, फोटो आहेत. घाई करून हे काम मी कधीच करणार नाही, कोणी कितीही ओरडलं तरी.

आता माझी चूक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल मोजायच्या मीटरने सगळीकडे बघितलं तर मागे दोन्ही बाजूंना ठीक होतं पण पुढे डावीकडे, पॅसेंजरच्या पायाजवळ, अजून ओल दाखवत होता. मी तुम्हाला म्हटलं अजून दोन दिवस राहू दे, तुम्ही म्हणालात चवथ तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान आणायचंय, घरची मंडळी गावाला न्यायचीत. तुमचं खरं होतं, चवथीला गाडी नाही म्हणजे काय ते मी समजू शकतो, माझ्या घरीही गणपती असतो. पण म्हणून मी कार्पेट परत बसवून, सीटा टाइट करून, पैसे घेऊन गाडी दिली, हे चुकलं. निदान डावीकडचं लॅमिनेशन आणि कार्पेट उचलून ठेवून गाडी द्यायला हवी होती आणि चवथ झाल्यावर परत आणा असं बिलावर लिहून द्यायला हवं होतं. तोंडी म्हणालो, तेही हळू आवाजात, ते सांगणं नव्हे.

आणि याहून मोठी चूक वेगळीच आहे, ती मला परवा फोटो बघताना कळली. तुमची काच उघडी राहिली मागे उजवीकडे. मग पुढे डावीकडे सगळ्यात जास्त पाणी कसं? तेव्हा मला वाटलं तुमच्या घरासमोर उतार आहे, गाडी तिरकी उभी असते, वाहत गेलं असेल. आता फोटो मोठा करून बघितला तर नमद्याच्या वरच्या कडेला, डॅशबोर्डच्या खाली, बारीक काळपट पानांचे तुकडे चिकटलेत. वायपरच्या खाली जाळी असते, तिथे पावसाचं पाणी जमा होऊन बाजूच्या भोकांतून खाली जातं. गाडी झाडाखाली उभी असली की त्यात पातेरा (गळलेली सुकी पानं) भरतो, भोकं बुजतात, पाणी साठून वर चढतं आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट पॅसेंजरच्या पायात उतरतं. तुमच्या दारातलं आंब्याचं झाड तुम्हीच मला बोलता बोलता सांगितलं होतं, मी ते डोक्यात ठेवायला पाहिजे होतं. म्हणजे काच उघडी राहिली ते एक पाणी, आणि हे दुसरं, जे बहुतेक आधीपासून थोडं थोडं येत असणार आणि काचा बंद असतानाही प्रत्येक पावसात येतंय. एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पाणी याच जागी येतं, पण ते एसी चालवला की येतं, पाऊस असो नसो, आणि स्वच्छ असतं, त्यात पानं नसतात. नक्की कुठलं ते गाडी बघूनच कळेल. गाडी वाळवणाऱ्याने पाणी आलं कुठून हे आधी शोधायचं असतं, तुम्ही काच म्हणालात आणि मी तिथेच थांबलो.

सकाळी काचा आतून धुरकट होतात तेही याचंच. दिवसा नमद्यातून वाफ निघते, रात्री काच गार झाली की तिच्यावर बसते. जोपर्यंत काच धुरकट होतेय तोपर्यंत खाली पाणी आहे असं समजा. तुम्ही परफ्यूम लावलाय असं रिव्ह्यूत लिहिलंय, तो कृपा करून काढा, कापूर, कोळसा, बेकिंग सोडा यांनी वास दोन दिवस दबतो, खाली साठलेलं पाणी तसंच राहतं, आणि मला तपासताना खरा वास कळायला हवा.

गाडी परत आणा. वायपरखालची जाळी उघडून साफ करतो, मग वरून पाइपने पाणी सोडायचं आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन पायाशी आडवा पडून बघणार कुठून उतरतंय, हे तुमच्यासमोर करूया. डावीकडचा नमदा सुटा होत असेल तर बाहेर काढून वाळवू, बुरशी खोलवर गेली असेल तर नवा कापून घालू. याचे पैसे घेणार नाही, नमद्याचेही नाही. यावेळी मीटरचे आकडे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॅपवर पाठवेन, आणि ते खाली आल्याशिवाय सीट बसवणार नाही. चार दिवस धरून चला, लाईट गेली तर पाच.

तोपर्यंत एवढं करा, गाडी आंब्याखाली लावू नका, डावीकडचा मॅट आणि लॅमिनेशनची कड वर उचलून ठेवा, चालवताना एसी लावून हवा आतल्याआत फिरणाऱ्या बटणावर ठेवा, त्याने आतली ओल बाहेर पडते. एसीसाठी म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, त्या धुराने जीव जातो. वायपरखाली हाताला लागेल तेवढा पातेरा आजच काढून टाका. गुरुवारनंतर कधीही या, येण्याआधी एक फोन करा, डीह्युमिडिफायर तुमच्या गाडीसाठी मोकळा ठेवतो.