नाव कोरणं ठीक, पण सोन्याचं काय?
चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून सायकल, लॅपटॉपवर नाव कोरा असं लेखात म्हटलंय ते बरोबरच, आपल्याकडे स्टीलच्या डब्या-पातेल्यांवर नावं घालतातच की. पण सोनं? हॉलमार्कच्या नव्या दागिन्यांवर ६ अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक असतो, प्रत्येक नगाचा वेगळा, इतका बारीक की भिंग लागतं, तो लिहून ठेवा आणि फोटो काढा, म्हणजे तक्रारीत नुसतं "दोन पाटल्या, एक चेन" असं मोघम सांगावं लागत नाही आणि माल सापडला तर आपलाच हे दाखवता येतं. अर्थात चोराने वितळवलं तर संपलंच. मोबाईलचं त्यामानाने बरंय, *#०६# दाबून आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर मिळतो, चोरीला गेला तर पोलीस तक्रार जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. फक्त तो नंबर त्याच मोबाईलमधे सेव्ह करून ठेवू नका म्हणजे झालं 😄