हसत-खेळत गणित, पण खेळतंय कोण?

शिक्षण परिषद असो की प्रशिक्षण, ‘आनंददायी’ आणि ‘कृतियुक्त’ हे दोन शब्द आल्याशिवाय चहा येत नाही. माझी शब्दांबद्दल तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, की वर्गात शिकवायचं साहित्य असतं कुणाच्या हातात?

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ बघा. बाई रंगीत कार्ड धरून उभ्या, पोरं मांडी घालून समोर, उत्तर एका सुरात. हे पाठांतरच झालं, फक्त लॅमिनेशन केलेलं. दोष एकट्या बाईंचाही नाही म्हणा. वरून पुरावा म्हणून फोटोच मागितला, की फोटोत छान दिसेल तेच वर्गात होणार!

तिसरीची वजाबाकी घ्या. 52 वजा 27. निम्मा वर्ग 35 लिहितो, कारण दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवून मोकळे. आपण ओरडतो, “अरे, शेजारून एक उसना घे!” आता पोराच्या बाजूने विचार करा. एक उसना घेतला तर दोनाचे तीन व्हायला हवेत, बारा कुठून झाले? शंका शंभर टक्के रास्त आहे, पण ती विचारायची सोय नसते.

खराट्याच्या काड्या आणा. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. “यातल्या सत्तावीस मला दे” म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हाच अवघड भाग आहे. पोरं आधी दोन गठ्ठे देतात. मग सुट्या दोन देतात. मग थांबतात, एकमेकांकडे बघतात, आणि कुणीतरी रबर काढून आणखी पाच देतं. उरल्या पंचवीस. म्हणजे आपण एककापासून सुरू करा म्हणून घसा कोरडा करतो आणि पोरं दशकापासून सुरू करून बरोबर उत्तरावर येतात. उभी मांडणी नंतर शिकवावीच लागते, पण रबर ज्याने स्वतः काढलंय त्याला बारा कुठून आले हे सांगावं लागत नाही.

विज्ञानाचं तर विचारूच नका. प्रदर्शन आलं की खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, तोही पालकांनी रात्री जागून केलेला. त्यापेक्षा चौथीच्या पोरांना मैदानात एक काठी सरळ रोवू द्या. सावलीच्या टोकाला दर दहा मिनिटांनी एकेक दगड. सगळ्यात आखूड सावली कधी, ते आधी सगळ्यांकडून वहीत लिहून घ्या. सगळे “बारा वाजता” लिहितात. निघते साडेबाराच्या आगेमागे. मग “सर, घड्याळ चुकलंय”पासून “काठी वाकडी आहे”पर्यंत जे भांडण लागतं, ते खरं विज्ञान. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेलं, सातारा-पुणे चौऱ्याहत्तरच्या जवळपास, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे सूर्य साधारण अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. हा हिशोब पुढच्या वर्गांत होईल. चौथीत भांडण पुरे. (शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच नाहीशी होणं, म्हणाल, तर आपल्याकडे ती येते मे महिन्यात, शाळा बंद असताना, आणि जुलैअखेर, आभाळ भरलेलं असताना. निसर्गालाही शाळेचं वेळापत्रक कळत नाही.)

यात नवीन काही नाही. मध्य प्रदेशात 1972 पासून होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम चालला, सहावी ते आठवीसाठी. पोरं गटात बसून स्वतः प्रयोग करायची. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन 1978 मध्ये तिथेच गेले, आणि काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून केलेले त्यांचे त्रिकोण-चौकोनी आकार तिथलेच. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्या कार्यक्रमाची परीक्षा: पुस्तक उघडं ठेवून, शिवाय प्रयोगाचीही. 2002 मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला, तो भाग वेगळा. आपण वर्ग बदलायला निघतो आणि चाचणी मात्र ‘रिकाम्या जागा भरा’. मग पालक “काड्या कसल्या मोजताय, पाढे घ्या” म्हणणारच.

पाढे घ्याच. माझा पाढ्यांना विरोध नाही, हे कमेंटमध्ये येण्याआधीच सांगतो. पण ‘पोर्शन पूर्ण होत नाही’ हे कारण मला पटत नाही. तिसरीत काड्यांवर गेलेला आठवडा वाचवला, तर तीच वजाबाकी चौथीत, पाचवीत पुन्हा शिकवत बसावं लागतं.

सावलीचा प्रयोग करणार असाल तर काठी सरळ उभी आहे ना, ते ओळंब्याने (दोरीला बांधलेल्या वजनाने) तपासून घ्या आणि एकदा नोव्हेंबरात, एकदा फेब्रुवारीत करा. आखूड सावलीची वेळ जवळजवळ अर्धा तास सरकलेली दिसेल. कारण लगेच सांगू नका.