पाहुणा परीक्षक नको म्हणणाऱ्यांना

गेले पंधरा दिवस पीएचडीच्या गाइड मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे माझेच जुने विद्यार्थी. मजकूर थोडक्यात असा: उत्तम पीएचडी प्रबंधांसाठी बाहेरचे नामवंत विद्वान परीक्षक म्हणून बोलावणं ही गुलामी वृत्ती आहे. मोठी माणसं प्रबंध वाचत नाहीत, शाल-श्रीफळ घेऊन सही ठोकून जातात. इथले विषय त्यांना कळत नाहीत. त्यांच्या पायी निकाल रखडतो, पैसा जातो तो वेगळाच. आणि शेवटी, ‘आपल्या मुलांची परीक्षा आपणच घेऊ.’

‘वाचत नाहीत’ इथून सुरुवात करू. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला 1959च्या कायद्याने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. संख्याशास्त्रज्ञ फिशर, गणिती वीनर यांच्यासारखी माणसं तिथे आधीपासून येत. 1962 साली मॉस्कोहून थोर गणिती कोल्मोगोरोव आले आणि श्रीनिवास वरधन या तरुणाच्या प्रबंधाचे परीक्षक झाले. पुढचा प्रसंग वरधन यांनीच मुलाखतीत सांगितलाय. त्यांचं प्रबंधावरचं तासाभराचं भाषण उत्साहाच्या भरात लांबलं. लोक चुळबुळायला लागले, संपताच काही उठले. कोल्मोगोरोव बोलायला लागले तरी आणखी काही उठले. तसा त्यांनी खडू आपटला आणि ते तडक बाहेर पडले. वरधनना वाटलं, गेली पीएचडी! मागोमाग जाऊन त्यांनी माफी मागितली, तर उत्तर मिळालं की राग तुझ्यावर नाही, आमच्याकडे सेमिनार तीन तास चालतात. राग त्या उठून गेलेल्यांवर आहे. म्हणजे शेवटपर्यंत बसून ऐकलं ते पाहुण्याने, उठले ते घरचे. वरधन यांना 2007 साली गणितातला मानाचा आबेल पुरस्कार मिळाला. (तो त्या परीक्षकामुळे मिळाला असं मी म्हणत नाही, उगाच तसा नवा मेसेज नको.)

न वाचणारे परीक्षक मीही पाहिलेत. पण ते बहुधा मुंबईहून सकाळच्या इंद्रायणी एक्सप्रेसने येऊन संध्याकाळच्या इंद्रायणीने परतणारे असतात, आणि प्रबंधाचं प्लास्टिक व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर फाडतात. त्यांना परदेशाची गरज लागत नाही.

आता ‘इथले विषय त्यांना काय कळणार’. धनगरांबरोबर, खंडोबाच्या वाटेवर वर्षानुवर्षं हिंडलेले गुंथर सोन्थायमर जर्मनीचे. महानुभाव ग्रंथांवर ज्यांचा शब्द आपण प्रमाण मानतो त्या ॲन फेल्डहाउस अमेरिकेच्या. हे झाले जाणकार. माझा स्वतःचा अनुभव तर न जाणणाऱ्याचा आहे. माझा प्रबंध नीरा डाव्या कालव्यावरच्या उसावर होता. इथल्या दोन्ही परीक्षकांनी ‘अभ्यासपूर्ण’ असं लिहून दिलं. तिसरे होते दोन महिन्यांसाठी पुण्यात राहायला आलेले एक वयस्कर प्राध्यापक. बारामती त्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. व्हायवात त्यांनी एक तक्ता उघडून माझ्यासमोर सरकवला. पेन्सिलीने बेरीज केलेली होती, खाली फक्त प्रश्नचिन्ह. एका गावात उसाखालचं क्षेत्र गावाच्या एकूण क्षेत्रापेक्षा जास्त! अर्ध्या रकान्यात मी एकर टाकले होते, अर्ध्यात हेक्टर. चार वर्षं तो तक्ता मी छाती काढून सगळ्यांना दाखवत होतो. प्रबंध दुरुस्त झाला, पदवीही मिळाली. पण त्या दिवशीचा चहा काही घशाखाली उतरला नाही.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधांचा मुद्दा मात्र खरा आहे, तिथे मराठी वाचणाराच माणूस हवा. पण ‘बाहेरचा’ म्हणजे ‘परदेशी’ असं कुठे आहे? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022चे नियम विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक मागतात, आणि त्यांतला एक परदेशातला असावा तो ‘शक्य असेल तिथे’. सक्ती नाही.

रखडण्याबद्दल बोलायचं तर त्याच नियमांत सबमिशनपासून सहा महिन्यांत सगळं उरकायची अपेक्षा आहे आणि व्हायवा ऑनलाइनही घेता येते. माझा प्रबंध त्या प्राध्यापकांनी पाच आठवड्यांत वाचला. तो त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र साडेचार महिने लागले होते, कारण फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला तयार नव्हती.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक प्रबंधासाठी विमानाचं तिकीट काढा असं कोणी म्हणतच नाहीये. वर्षाकाठी विभागातून एखाद-दुसराच प्रबंध तेवढा उत्तम निघतो. पुण्यातल्या आयुका, आयसर, डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट अशा संशोधन संस्थांत पाहुणे एरवीही येतातच. व्याख्यान देतात, सिंहगडावर पिठलं-भाकरी खातात, जातात.

राहिलं ते ‘आपणच घेऊ’. त्याचा अर्थ पॅनेल बनवताना बसलेल्या कुणालाही विचारा: तुझा विद्यार्थी मी पास करतो, माझा तू कर.

आमच्या विभागात डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या पाहुण्यांची यादी ऑगस्टमध्येच तयार असते. तिच्याशेजारी सबमिशनची यादी ठेवून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. या वर्षी मी ठेवली, तर दोन नावं जुळतायत.