‘एक ओरखडाही नाही’ हे धादांत खोटं आहे: नॉर्वेच्या टँकरवाल्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईचा फोन आला. तिचा मुलगा प्रॉडक्ट टँकरवर ज्युनियर इंजिनियर आहे. पुढच्या महिन्यात साइन ऑन करायचं आहे आणि बोट तांबड्या समुद्रातून जाऊ शकते, असं त्याला कळवलंय. पोरगा जाऊ की नको या विचारात आहे आणि ताईची झोप उडालीय. त्यात तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. “अरे, हे वाच. वाचून जरा जिवात जीव आला,” ती म्हणाली. मी वाचला आणि डोकंच फिरलं. तेव्हापासून तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपांवर दिसलाय. एका ठिकाणी तर खाली पंचवीस अंगठे होते.

मेसेज थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे दोन महिन्यांत शरण गेला, पण त्याचे टँकरवाले सुखात होते. ‘बी. पी. न्यूटन’ नावाचा टँकर आधी स्वीडनच्या बंदरात आरामात बसला आणि मग कॉन्व्हॉयमधून, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात चालणाऱ्या जहाजांच्या ताफ्यातून, तेलाच्या खेपा करत राहिला. युद्ध संपेपर्यंत त्याला एक ओरखडाही आला नाही. कॉन्व्हॉयमध्ये चहूबाजूंनी युद्धनौका असल्यामुळे मधला टँकर घरच्यासारखा सुरक्षित. वर दुप्पट-तिप्पट बोनस मिळवून खलाशी गब्बर झाले. आणि आजची आपली पोरं दोन ड्रोनला घाबरून बोटीवर जायला नाही म्हणतात.

माझी सव्वीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली, त्यातली बहुतेक टँकरवर. त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

“बी. पी. न्यूटनला युद्ध संपेपर्यंत एक ओरखडाही आला नाही”

या एका वाक्यावर अख्खा मेसेज उभा आहे, म्हणून आधी हेच घेतो.

बी. पी. न्यूटन हा 10,324 ग्रॉस टनांचा मोटर टँकर, 1940 मध्ये स्वीडनमध्ये माल्मोच्या कोकुम्स यार्डात बांधलेला. 9 एप्रिल 1940 ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. स्वीडनमधून खुल्या समुद्रात निघायची वाट जर्मनांच्या हातात गेली आणि स्वीडनच्या बंदरांत असलेली नॉर्वेची जहाजं अडकून पडली. गोटेनबर्गला अडकलेल्या जहाजांवर हक्क कुणाचा, यावर स्वीडनच्या कोर्टात खटले चालले. त्यांचा निकाल लागला मार्च 1942 मध्ये. ‘आरामात बसला’ ते हे. घर शत्रूच्या ताब्यात, बायकापोरांची खबर नाही आणि बोट धक्क्याला बांधलेली. दोन वर्षं.

निकाल लागल्यावर 31 मार्चच्या रात्री दहा जहाजं निघाली. बंदरात बर्फ होता आणि स्वीडनची सागरी हद्द संपते तिथे जर्मन गस्ती बोटी वाट बघत होत्या. दहापैकी सहा बुडाली. काही जर्मनांनी बुडवली, काही पकडली जाऊ नयेत म्हणून खलाशांनी स्वतःच्या हातांनी बुडवली. दोन मागे फिरून गोटेनबर्गला आली. ब्रिटनला पोचली फक्त दोन, लहानसा लिंड आणि आपला बी. पी. न्यूटन. ब्रिटनच्या कारखान्यांना हवी असलेली स्वीडिश बॉल बेअरिंगं आणि पोलाद त्याने पोचवलं. पकडलेल्या खलाशांना जर्मनीतल्या छावण्यांत आणि तुरुंगांत डांबलं. त्यातले सगळे परत आले नाहीत.

त्यानंतर हा टँकर अटलांटिकमध्ये फिरू लागला. जुलै 1943 मध्ये तो त्रिनिदादहून ब्राझीलकडे निघालेल्या टीजे 1 या कॉन्व्हॉयमध्ये होता. 8 जुलैला यू-510 या जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला आणि बी. पी. न्यूटन बुडाला. त्याच्याबरोबर बरीच माणसंही गेली. युरोपातलं युद्ध संपलं मे 1945 मध्ये. म्हणजे ज्या टँकरला युद्ध संपेपर्यंत ओरखडा आला नाही म्हणतात, तो त्याआधी बावीस महिने समुद्राच्या तळाशी होता. आणि बुडाला तेव्हा तो कॉन्व्हॉयमध्येच होता.

हे तपासणं अवघड नाही. वॉरसेलर्स या संकेतस्थळावर नॉर्वेच्या युद्धकाळातल्या व्यापारी जहाजांची एकेक करून नोंद आहे. जहाज बुडालं की वाचलेल्यांची पुढच्या बंदरात सागरी चौकशी व्हायची. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, कुणाचा होता, टॉर्पेडो कुठल्या बाजूला लागला, कुठली लाइफबोट खाली सोडता आली, हे सगळं त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं जायचं. त्या संकेतस्थळावरची बरीच माहिती या जबान्यांतून आलीय. मी खाली लिहितोय त्यातलं काही वाचलेलं आहे, काही जुन्या चीफ इंजिनियरकडून ऐकलेलं आहे. पण मेसेज पुढे ढकलण्याआधी ती नोंद कुणीही उघडून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे.

“कॉन्व्हॉयमधला टँकर घरच्यासारखा सुरक्षित”

सगळ्यात घातक वाक्य हे. ताईच्या जिवात जीव आला तो यानेच.

28 डिसेंबर 1942 ला त्रिनिदादहून जिब्राल्टरकडे टीएम 1 हा कॉन्व्हॉय निघाला. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या दोस्त फौजांसाठी तेल न्यायचं होतं. त्यात नऊ टँकर होते आणि संरक्षणाला चार युद्धनौका: हॅवलॉक ही विनाशिका आणि तीन कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका. 3 जानेवारीला पहिल्या टँकरला टॉर्पेडो लागला. 8 तारखेच्या रात्रीपासून पाणबुड्यांचा अख्खा कळप तुटून पडला. 14 जानेवारीला जिब्राल्टरला पोचले दोन टँकर, क्लायोना आणि नॉर्वेचा वान्या. नऊपैकी सात बुडाले. त्यात नॉर्वेचे आल्बर्ट एल. एल्सवर्थ आणि मिनिस्टर वेडेल होते. या दोन्हींवरची माणसं वाचली, हे त्यांचं नशीब. बाकीच्यांपैकी सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं.

आता एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. कॉन्व्हॉयचा फायदा होता. बहुतेक कॉन्व्हॉय एकही जहाज न गमावता पोचले, हे खरं आहे. कॉन्व्हॉय नसला की काय होतं ते 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्यावर दिसलं. जहाजं एकेकटी चालत होती आणि किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालू होते. त्या उजेडावर जहाजाची काळी आकृती पाणबुडीला स्पष्ट दिसायची. 14 जानेवारी 1942 ला लाँग आयलंडजवळ नॉर्नेस हा टँकर असाच बुडवला गेला. झेंडा पनामाचा, माणसं बहुतेक नॉर्वेची. त्या किनाऱ्यावर कॉन्व्हॉय सुरू व्हायला मे महिना उजाडला. तेव्हा एकट्याने जाण्यापेक्षा कॉन्व्हॉय बरा, एवढं खरं. पण तिथून ‘घरच्यासारखा सुरक्षित’ कुठून आलं?

ज्याने हे लिहिलंय तो इंजिनरूममध्ये कधी उतरलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

टँकरचं इंजिन मागे असतं आणि इंजिनरूमचा मोठा भाग पाण्याच्या रेषेखाली. रात्री बारा ते चारच्या वॉचला तुम्ही तिथे उभे असता. इंजिनाच्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, खुणांनी बोलावं लागतं. बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. टॉर्पेडो येताना ब्रिजवरच्या माणसाला कदाचित पाण्यात रेघ दिसेल, खालच्याला काहीच नाही. वर यायचं ते लोखंडी शिड्यांनी, तीन-चार मजले.

अरबी समुद्रात एकदा आमचे जनरेटर ट्रिप झाले आणि पूर्ण ब्लॅकआउट झाला. शांततेचे दिवस होते, समुद्र तळ्यासारखा. इमर्जन्सी जनरेटर लागेपर्यंत अर्धा मिनिट गेला असेल. त्या अर्ध्या मिनिटात मला स्वतःचा हात दिसत नव्हता. इंजिन थांबल्यावर हुलवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकला आणि शिडी कुठल्या बाजूला आहे हेच विसरलो. शेजारच्या ऑइलरने माझं मनगट पकडलं होतं, ते दिवे आल्यावरच सोडलं. आमच्या बोटीला कुणी काही मारलेलं नव्हतं. नॉर्वेच्या त्या लोकांनी पाच वर्षं रोज रात्री अशाच शिड्या उतरल्या. पुढच्या टाक्यांत विमानाचं पेट्रोल असायचं, किंवा परतीच्या खेपेला रिकाम्या टाक्यांत उरलेला गॅस. जड इंधन तेल असलं तर टँकर पुष्कळ वेळ तरंगत राहायचा, कारण आत वेगवेगळ्या टाक्या असतात. पेट्रोल असलं तर तेवढा वेळ मिळायचाच असं नाही.

आणि जहाजाला मार लागला तरी कॉन्व्हॉय थांबत नसे. थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं लक्ष्य, म्हणून मागच्याने बाजूने निघून जायचं असा नियमच होता. पाण्यातल्यांना उचलायचं काम रेस्क्यू शिपचं, ते नसेल तर एखाद्या युद्धनौकेचं, आणि तेही तिला सवड झाली तर.

“नॉर्वे दोन महिन्यांत शरण गेला”

नॉर्वेच्या भूमीवरची लढाई 62 दिवस चालली, हे बरोबर. पण राजा हाकोन सातवा आणि सरकार शरण गेलं नाही, ते लंडनला गेले. जगभर पसरलेली नॉर्वेची सुमारे हजार जहाजं सरकारने ताब्यात घेऊन नॉर्ट्राशिप या एकाच छत्राखाली आणली. जर्मनांना सामील झालेला नॉर्वेचा पुढारी क्विसलिंग, त्याच्या बाजूने रेडिओवरून हुकूम सुटले की जहाजं नॉर्वेत किंवा तटस्थ बंदरांत न्या. बाहेर असलेल्या एकाही जहाजाने तो मानला नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच सापडलेली जहाजं मात्र जर्मनांना मिळाली. या हजारांपैकी निम्म्याच्या आसपास जहाजं युद्धात नष्ट झाली आणि नॉर्वेचे साडेतीन हजारांहून जास्त खलाशी मेले. यापुढे ‘शरण’ हा शब्द कुणी वापरू नये.

“बोनस मिळवून गब्बर झाले”

यात अर्धं सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं लपवलं की ते खोट्यापेक्षा वाईट होतं.

सुरुवातीला नॉर्वेच्या खलाशांचा वॉर बोनस ब्रिटिश खलाशांपेक्षा जास्त होता, हे खरं. ब्रिटिशांनी तक्रार केली की एकाच कॉन्व्हॉयमधल्या दोन बोटींवर वेगवेगळा पगार असेल तर आमची माणसं बिथरतील. म्हणून 1940 मध्ये बोनस कमी केला आणि फरकाची रक्कम एका गुप्त फंडात टाकायचं ठरलं. खलाशी असं समजून चालले की युद्ध संपल्यावर हा पैसा आपल्याला मिळेल.

युद्ध संपलं, पैसा काही मिळाला नाही. फंड गरजू खलाशी आणि मेलेल्यांच्या विधवांसाठी वापरायचा असं ठरलं. त्या बायकांना मदत मिळू नये असं कोण म्हणेल? पण ज्याच्या मजुरीतून पैसा कापला त्याला कुणी विचारलंच नाही. खलाशी कोर्टात गेले आणि 1954 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. शेवटी 1972 मध्ये तिथल्या संसदेने सानुग्रह म्हणून रक्कम दिली, समुद्रावरच्या प्रत्येक महिन्यामागे 180 क्रोनर. युद्ध संपून तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. मधल्या काळात कितीतरी जण दारूपायी गेले, कितीतरी जणांची रात्रीची झोप कायमची गेली. 1972 पर्यंत किती जण जिवंत राहिले असतील ते ज्याने त्याने ठरवावं. गब्बर कोण झालं, हे मेसेज लिहिणाऱ्याने मला दाखवून द्यावं.

आपल्याकडच्यांचं तर विचारूच नका. त्याच समुद्रात ब्रिटिश बोटींवर रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेट-चितगावचे लास्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी होते, आगवाले, तेलवाले, भांडारी. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या काही हिश्श्याएवढाच असे. त्यातले 6,000 हून जास्त मेले. आमच्या गावात एका घरी अजून म्हणतात, “आजोबा बोटीवर गेले ते गेलेच.” बोटीचं नाव त्या घरात कुणालाच माहीत नाही.

“आजची पोरं घाबरतात”

26 जानेवारी 2024 ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. वरच्या 23 जणांपैकी 22 भारतीय होते, एक बांगलादेशी. टाकी पेटली. त्याच पोरांनी आग धरून ठेवली आणि आपल्या नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’ या युद्धनौकेवरून मदत आल्यावर ती विझली. त्यांच्याबद्दल घाबरट हा शब्द मला ऐकायचा नाही.

राहता राहिला माझा भाचा. त्याने जावं की नाही, हे मी सांगणार नाही आणि सोसायटीच्या ग्रुपनेही सांगू नये. त्याला फक्त एवढं सांगितलंय: “बाळा, करार नीट वाच. आयबीएफचा, म्हणजे जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन यांच्यात ठरलेला आंतरराष्ट्रीय करार असेल तर युद्धसदृश म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात जायला नकार द्यायचा हक्क तुला आहे, आणि परत पाठवायचा खर्च कंपनीचा. बोटीवर चढल्यावर नको, आत्ताच युनियनला फोन करून विचार.” त्याने आज सकाळी फोन केलाय. सोमवारी त्याला करार घेऊन बोलावलंय.